कुणाच्या नावाच्या किती चिठ्ठ्या

प्रिमच्या नावाची चिठ्ठी एक. कॅटनिसच्या नावाच्या वीस. गेलच्या नावाच्या बेचाळीस.

सुझॅन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ मध्ये आली. तिच्या पहिल्याच प्रकरणात हे आकडे आहेत आणि पहिल्या वाचनात ते बहुतेकांच्या नजरेतून निसटतात, कारण गोष्ट पुढे ओढत असते. ही कादंबरी हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझं एकच सांगणं असतं: इथे थांबा, कागद घ्या आणि हा हिशेब मांडा. बारा ते अठरा वयाच्या प्रत्येकाचं नाव दरवर्षी सोडतीच्या काचेच्या भांड्यात पडतं. बाराव्या वर्षी एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशा अठराव्या वर्षी सात. इथवर सगळी मुलं सारखी. पण घरात खायला नसेल तर मुलाने आपल्या नावाची एक जादा चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात एका माणसाचं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल न्यायचं. घरात माणसं जितकी, तितक्या वेळा हा सौदा करता येतो. चिठ्ठ्या वर्ष संपलं म्हणून काढून टाकल्या जात नाहीत, त्या साठत जातात. कादंबरीची नायिका कॅटनिस हिने बाराव्या वर्षापासून आई, धाकटी बहीण प्रिम आणि स्वतः अशा तिघांचं धान्य उचललं. म्हणजे वर्षाला चार चिठ्ठ्या, सोळाव्या वर्षी वीस. तिचा मित्र गेल याच्या घरात पाच माणसं. वर्षाला सहा चिठ्ठ्या, सात वर्षांच्या बेचाळीस. गावच्या मेयरच्या मुलीने धान्य कधी घेतलंच नाही, तिच्या फार तर पाच.

सोडत सगळ्यांसाठी खुली, भांडं काचेचं, चिठ्ठी सगळ्यांसमोर काढणार. तरीही जो जास्त उपाशी, त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. एवढं एक गणित नीट समजलं की पुढचं सगळं पुस्तक वेगळ्या नजरेने वाचता येतं. ते न समजता वाचलं, तर उरते ती धनुष्यबाण घेतलेल्या एका धाडसी मुलीची शर्यत. शर्यत म्हणूनही ती उत्तम आहे, पण तेवढ्यासाठी ही प्रस्तावना लिहिण्याची गरज नव्हती.

पुढल्या पानांतली टिपणं अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या वाचकांसाठी आहेत. त्यांच्या पालकांनी, शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनीही ती वाचावीत. कादंबरी अमेरिकेतली असली तरी तिचं वाचन उपनगरातच बसून का करायचं, तेवढं मला इथे सांगायचं आहे.

आधी कथेचा सांगाडा. समुद्र चढले, दुष्काळ पडले, लढाया झाल्या आणि उत्तर अमेरिकेच्या जागी पॅनेम नावाचं एक राज्य उरलं. मध्यभागी श्रीमंत राजधानी, कॅपिटॉल. भोवती बारा जिल्हे आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम: बाराव्यात कोळसा, अकराव्यात शेती, आठव्यात कापड, चौथ्यात मासेमारी. पूर्वी जिल्ह्यांनी बंड केलं होतं, ते मोडलं गेलं आणि तेरावा जिल्हा बेचिराख झाला. त्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी, अशी चोवीस मुलं एका बंदिस्त रिंगणात सोडली जातात. एकच जिवंत राहीपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर सक्तीने पाहायचं. चौऱ्याहत्तराव्या खेळाच्या सोडतीत बारा वर्षांच्या प्रिमची ती एकुलती एक चिठ्ठी निघते आणि तिची मोठी बहीण तिच्या जागी स्वतः पुढे होते.

उपनगरातली मुलं या कादंबरीबद्दल पहिल्यांदा काय बोलतात, ते आता जवळपास ठरलेलं आहे. ती म्हणतात, हे तर आमच्या परीक्षांसारखंच आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या स्टेशनाबाहेर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे क्लासच्या फलकांवर झळकत असतात, त्यांच्या खाली टक्के नाहीतर पर्सेंटाइल असतात आणि त्याच फलकांखालून ही मुलं रोज संध्याकाळी क्लासला जातात. देशभरातून दहा लाखांहून अधिक मुलं जेईई मेन देतात आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा अठरा हजारांच्या आसपास आहेत. पवईची आयआयटी तर यांच्या बसच्या वाटेवर आहे. तेव्हा रिंगण म्हटल्यावर त्यांना परीक्षागृह आठवलं, तर ती भीती खरी आहे आणि कोणत्याही मोठ्या माणसाने ती हसण्यावारी नेऊ नये.

तरीही या तुलनेवर थांबलो तर कादंबरी आपल्या हातून निसटते. परीक्षेशी तुलना करणारं मूल स्वतःला आपोआप कॅटनिसच्या जागी ठेवतं. आपण रिंगणात, बाकीचे प्रतिस्पर्धी. पण रिंगण बांधलं कुणी, त्याचा खर्च कुठून येतो, ते पाहत कोण बसलं आहे आणि पाहणाऱ्यांच्या ताटातलं अन्न कुणी पिकवलं, हे प्रश्न त्या तुलनेत येत नाहीत. कॉलिन्स यांनी कादंबरी रचली आहे ती या प्रश्नांवर. आणि त्यांची उत्तरं द्यायला मुंबईच्या उपनगराइतकी अडचणीची, म्हणूनच इतकी चांगली जागा दुसरी नाही. कारण इथला माणूस एकाच वेळी जिल्ह्यातही राहतो आणि कॅपिटॉलमध्येही.

जिल्ह्यात कसा, ते पावसाने दाखवून दिलेलं आहे. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याची नोंद होती ७३ मिलिमीटर. एकच महापालिका, एकच शहर, आणि एका टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस असताना दुसऱ्या टोकाला माणसं बुडत होती. ढग कुणाचा पक्षपात करत नाहीत, हे मान्य. पण तुंबलेली मिठी नदी, तिच्या काठावर टाकलेला भराव आणि नाल्यांवर चढलेल्या वस्त्या ही काही ढगांची करणी नव्हती. साकीनाक्याला दरड कोसळून झोपड्याच्या झोपड्या गाडल्या गेल्या. दरडीखाली कोण राहतं आणि कोण राहत नाही, हा पुन्हा चिठ्ठ्यांचाच हिशेब आहे.

त्या रात्रीची दुसरी बाजू मला या कादंबरीच्या संदर्भात जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांच्या वाचनात फक्त अशाच कादंबऱ्या आल्या आहेत, त्यांना वाटेल की संकट आलं की माणूस माणसाच्या जिवावर उठतो. २६ जुलैला लोकल बंद पडल्या, रस्ते गेले, फोन बंद झाले. शाळांमध्ये मुलं अडकली आणि शिक्षकांनी त्यांना रात्रभर सांभाळलं. लोकांनी कमरेइतक्या पाण्यात हात धरून साखळ्या केल्या. हायवेलगतच्या वस्त्यांतून बिस्किटं, चहा, पाणी घेऊन माणसं अडकलेल्या गाड्यांपर्यंत आली. यातल्या अनेकांची स्वतःची घरं तेव्हा पाण्यात होती. आज पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांनी हे आपल्या आईवडिलांना, आजी-आजोबांना विचारावं आणि मग कादंबरीतला रूच्या मृत्यूनंतरचा प्रसंग वाचावा. रू अकराव्या जिल्ह्याची, बारा वर्षांची. ती गेल्यावर कॅटनिस तिला रानफुलांनी सजवते आणि पुढे त्या जिल्ह्याकडून कॅटनिससाठी एक पाव येतो. अकराव्या जिल्ह्यातली माणसं देशाचं धान्य पिकवतात आणि स्वतः अर्धपोटी राहतात. त्यांनी स्वतःच्या नसलेल्या, परक्या जिल्ह्याच्या मुलीसाठी पैसे जमवून अन्न पाठवलं. रिंगणाचा नियम पहिल्यांदा मोडतो तो इथे, आणि तोही शस्त्राविना.

आता कॅपिटॉलची बाजू. ती सांगताना मला बरं वाटत नाही, पण ती सोडून पुढे जाता येणार नाही. मुंबईला पाणी येतं सात तलावांतून. विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत, बाकीचे पाच दूर आहेत. तानसा, मोडकसागर, भातसा ही नावं पावसाळ्यात रोज बातम्यांत येतात, कारण ते भरले की शहर सुटकेचा श्वास टाकतं. ही तिन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात, आणि धरणातलं पाणी त्यांच्या शिवारावरून, पोटातून वाहत जाऊन मुलुंड-भांडुपच्या नळांना येतं. कसाऱ्याच्या लोकलने मुलुंडहून निघालं तर दीड-दोन तासांत हा सगळा मुलूख खिडकीतून दिसतो. ज्यांना पॅनेमचा नकाशा समजून घ्यायचा आहे, त्यांनी एप्रिल-मे महिन्यात एकदा तो प्रवास करावा. मोठ्यांनी त्यांना घेऊन जावं.

नळ सोडला म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीला अपराधी वाटावं, असा याचा अर्थ नाही. कॉलिन्सही तसं करत नाहीत. कॅटनिसला तयार करणारी कॅपिटॉलची माणसं तिला जीव लावतात, तिच्यासाठी रडतात आणि तरीही तिला रिंगणात पाठवणाऱ्या यंत्राचा भाग असतात. त्यांच्यात दुष्टपणा नाही, त्यांनी कधी विचारलेलंच नाही, इतकंच. कादंबरीतली मला सर्वात अस्वस्थ करणारी माणसं तीच आहेत.

विचारणारी माणसं उपनगरातही होऊन गेली आणि त्यांची नावं मुलांना माहीत असायला हवीत. १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. कर लागू झाले, पण नळ मात्र लगेच आले नाहीत. गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी बायकांना संघटित केलं, महापालिकेवर मोर्चे नेले, १९६१ मध्ये त्या स्वतः निवडून महापालिकेत गेल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिलं. पुढे १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा त्यांनी अहिल्या रांगणेकरांसारख्या इतर पक्षांतल्या बायकांबरोबर महागाईविरुद्ध मोर्चे काढले. हजारो बायका हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. गृहिणीची भूक ही खासगी गोष्ट नाही, ती राज्यकारभाराची गोष्ट आहे, असं त्या लाटण्यांचं म्हणणं होतं. आज २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य हा हक्क आहे आणि त्यापायी कुणाच्या मुलाची चिठ्ठी भांड्यात पडत नाही. तो हक्क आभाळातून पडलेला नाही. कॅटनिस ज्या गोष्टीपर्यंत तीन पुस्तकं घेऊन पोचते, तिथपर्यंत गोरेगावच्या बायका चाळीतल्या रिकाम्या हंड्यापासून निघून पोचल्या होत्या.

मराठीत असं काही नाही, असं इंग्रजी माध्यमातली मुलं फार सहज म्हणतात. त्यांना मी घाटकोपरच्या चिराग नगरात घेऊन जाते. वाटेगावहून कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबईला आलेले, शाळेचं तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेले अण्णा भाऊ साठे तिथल्या झोपडपट्टीत राहिले आणि तिथेच लिहीत राहिले. त्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. दुष्काळात आपली माणसं अन्नावाचून तडफडताना पाहून धान्य लुटणारा आणि इंग्रज सरकारशी झुंजणारा फकिरा हा कॅटनिसचा थोरला भाऊ शोभेल. गेल जे नुसतं बोलतो ते फकिरा करून दाखवतो, आणि त्याची किंमतही मोजतो.

पण या कादंबरीच्या सोबत वाचण्यासाठी मी ‘फकिरा’च्याही आधी अण्णा भाऊंची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा पुढे करीन. तगून राहण्याची गोष्ट म्हणजे काय, याचं एवढं भेदक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आणि ती घडते उपनगरातच. वारणेच्या काठचा भीमा पोट भरायला मुंबईला येतो. जंगलाला लागून असलेल्या उपनगरातल्या एका वस्तीत बायको आणि लहान मुलीसह राहतो. दगडाच्या खाणीत काम करतो. अंगात ताकद आहे, काम करायची इच्छा आहे, आणि एक दिवस खाण बंद होते. घरी जाताना स्मशानाजवळ त्याला राखेत एक अंगठी सापडते. तिथून तो प्रेतांच्या राखेतून सोन्याचे कण गाळू लागतो, मग पुरलेल्या मढ्यांपर्यंत पोचतो, आणि एका रात्री अशाच एका मढ्यावर टपलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. त्या झुंजीत तो काय गमावतो आणि दुसऱ्या बाजूला खाणीची काय बातमी येते, ते मी सांगणार नाही. कथा पंधरा-वीस मिनिटांत वाचून होते. नंतर वर्गात बराच वेळ कुणी बोलत नाही.

भीमाची कथा आणि कॅटनिसची कादंबरी शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. कॅटनिसला रिंगणात ढकलणारे कोण, त्यांची नावं, त्यांचे चेहरे तिला ठाऊक आहेत. भीमाला तेही माहीत नाही. खाण का बंद झाली हे त्याला कुणी सांगत नाही. तो कोल्ह्यांशी लढतो, कारण समोर तेच दिसतात. कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात कॅटनिसचे वडील गेले आणि त्यानंतरच तिच्या घरात उपासमार सुरू झाली, हे लक्षात घेतलं तर दोन्ही गोष्टींच्या मुळाशी खाणच आहे. भविष्यकाळातल्या देशाची कल्पना करायला कॉलिन्स यांना एवढं मोठं राज्य रचावं लागलं. अण्णा भाऊंनी चिराग नगरातून पाहिलं ते त्यांच्या वर्तमानातलं होतं. ‘डिस्टोपियन’ या शब्दाने भारावणाऱ्या प्रत्येक वाचकाने हे ध्यानात ठेवावं. एका माणसाचं भयंकर भविष्य दुसऱ्याच्या वस्तीत आधीच येऊन गेलेलं असतं.

आणखी एक पुस्तक सुचवते. अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टर यांची ‘द ट्रीज’ ही १९४० ची कादंबरी जी. ए. कुलकर्णींनी ‘रान’ या नावाने मराठीत आणली. ओहायोच्या घनदाट जंगलात एक कुटुंब येतं. शिकारी बाप, लवकर मरण पावणारी आई, आणि पाठच्या भावंडांना जगवणारी थोरली मुलगी सेवर्ड. बाप घरातून नाहीसा होतो, आई असून नसल्यासारखी किंवा मुळीच नाही, धाकट्यांचं पोट थोरल्या मुलीच्या हाती आणि भोवती रान: सेवर्ड आणि कॅटनिस या दोघी एकाच मातीच्या आहेत. जी.एं.च्या मराठीत ते जंगल असं उभं राहतं की वाचताना अंगावर ओलसर सावली पडते. चौदा वर्षांच्या वाचकाला ‘रान’ सुरुवातीला संथ वाटेल. वाटू द्या. तगून राहणं हे मुळात संथच असतं, घाई असते ती खेळ पाहणाऱ्यांना.

रानाचा विषय निघाला आहे तर बोरिवली आणि मुलुंडच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्या दोघांच्या मध्ये शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल आहे, त्यात बिबटे आहेत, आणि त्याला कुंपण आहे. कॅटनिस कुंपणाखालून पलीकडे जाते म्हणून तिचं घर जगतं. कोणता कंद खायचा, कोणतं फळ विषारी, हे तिला ठाऊक असतं. राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या पाड्यांवरच्या वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांकडे हेच ज्ञान आहे. पावसाळ्यात स्टेशनाबाहेर बसणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत शेवळं, टाकळा, फोडशी, कंटोळी येतात, ती त्या ज्ञानाचीच पानं. शेवळं काकडांबरोबर का शिजवायची, नाहीतर घशाला काय होतं, हे त्यांना विचारलं तर कॅटनिसच्या घरातली वनस्पतींची वही उघडल्यासारखं वाटेल. आणि ४ ऑक्टोबर २०१९ ची रात्रही आठवावी. उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या त्याच रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, दोन हजारांवर झाडं पडली, विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली, आणि एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. मेट्रो हवी की झाडं, यावर वाचकांची मतं वेगवेगळी असतील. त्यावर भांडावं, जरूर भांडावं. पण त्या रात्री तिथे धावलेल्यांत कॉलेजातली किती मुलं होती, ते विसरू नये.

कॉलिन्स यांना ही कल्पना सुचली ती टीव्हीसमोर. एका वाहिनीवर तरुण मुलं बक्षिसासाठी स्पर्धा करत होती, दुसरीवर इराकच्या युद्धातले सैनिक होते आणि चॅनेल बदलताना दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळली, असं त्यांनी सांगितलं आहे. त्यांचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला जाऊन आलेले. युद्ध म्हणजे काय, हे त्यांच्या घरात लहानपणापासून बोललं जाई. आपल्या उपनगराचा या मिसळण्याशी जवळचा संबंध आहे. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून आहे. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत जे घडतं ते देशभरच्या घरांत दिसतं. इथे लहान मुलं गाण्याच्या, नाचाच्या स्पर्धांत उभी राहतात, बाद होताना रडतात, आणि कॅमेरा त्या रडण्याजवळ सरकतो. कॅटनिसला हे फार लवकर कळतं. आपलं दुःख, आपलं प्रेम, सगळं पाहणाऱ्यांना आवडलं तरच आकाशातून औषधाची डबी खाली येईल, हे ओळखून ती प्रत्येक हालचाल करते. तिचं कुठलं चुंबन खरं आणि कुठलं कॅमेऱ्यासाठी, हे अखेर तिलाही सांगता येत नाही. आज हातातल्या फोनवर स्वतःचं रोजचं जगणं दाखवणाऱ्या मुलांना हा भाग माझ्या पिढीपेक्षा जास्त नेमका समजतो. त्यांना समजावत बसू नका, त्यांच्याकडून ऐका.

आणि ही कादंबरी आली ते २००८ हेच वर्ष, जेव्हा नोव्हेंबरमध्ये दक्षिण मुंबईत हल्ला झाला आणि उपनगरांनी घराघरांत तीन दिवस तो थेट पाहिला. त्या प्रक्षेपणाने हल्लेखोरांच्या सूत्रधारांना मदत झाली, असे कठोर शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात लिहिले. पाहणं ही निरुपद्रवी गोष्ट नसते.

पालकांची हिंसेबद्दलची काळजी मी समजू शकते. चोवीस मुलं रिंगणात जातात आणि त्यांतली बहुतेक मरतात, हे मऊ करून सांगण्याचा मार्ग नाही. पण कॉलिन्स रक्तात रमत नाहीत. प्रत्येक मृत्यूला वजन आहे, आणि कॅटनिसने मारलेला पहिला मुलगा तिच्या मनातून पुढच्या दोन्ही पुस्तकांत जात नाही. बाराच्या आतल्या मुलांनी थांबावं. बारा-तेरा वर्षांच्यांनी घरातल्या मोठ्या माणसाबरोबर, मोठ्याने वाचावं. चौदानंतर एकट्याने. २०१२ चा चित्रपट आधी पाहू नये. त्याने खेळ चालवणाऱ्यांची नियंत्रण खोली दाखवली आहे, कादंबरी ती दाखवत नाही. कादंबरीत आपण सतत कॅटनिसच्या डोक्यात असतो, तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं, आणि सगळी भीती त्यात आहे. भाषेची धास्ती तर मुळीच नको. वाक्यं छोटी आहेत, सगळं वर्तमानकाळात घडतं, नऊ-नऊ प्रकरणांचे तीन भाग आहेत. मराठी माध्यमात नववीत शिकणारं मूल शब्दकोश हाताशी घेऊन सुरुवात करतं आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणाला शब्दकोश बाजूला पडतो. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात किंवा पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघात जाऊन ग्रंथपालांकडे अशा पुस्तकांची मागणी मुलांनी स्वतः नोंदवावी. मागणी झाल्याशिवाय कपाटात जागा होत नाही.

पुस्तकातली गोष्ट पुस्तकाबाहेर जाते तेव्हा काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. थायलंडमध्ये २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून या कादंबरीतली तीन बोटांची सलामी दिली आणि त्यासाठी त्यांना ताब्यात घेण्यात आलं. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये तीच सलामी रस्त्यारस्त्यावर दिसली. कादंबरीत त्या खुणेचा अर्थ आभार, आदर, निरोप असा आहे. ती बाराव्या जिल्ह्यात, प्रिमच्या जागी उभ्या राहिलेल्या कॅटनिससाठी, टाळ्या वाजवायला नकार देणाऱ्या माणसांनी पहिल्यांदा केली होती.

पहिलं पुस्तक वाचून थांबणारे वाचक पुष्कळ आहेत. ‘कॅचिंग फायर’ २००९ चं आणि ‘मॉकिंगजे’ २०१० चं. तिसरं अनेकांना आवडत नाही, कारण त्यात खेळ नाहीत, युद्ध आहे, आणि कॅटनिस तुटलेली आहे. मला तिन्हींत तेच सर्वात मोलाचं वाटतं. जिल्हे जिंकू लागल्यावर जिंकणारे काय करतात, हे त्यात आहे. शेवटाकडे एका खोलीत वाचलेले सात विजेते जमतात आणि त्यांना एका प्रश्नावर मत द्यायला सांगितलं जातं. प्रश्न कॅपिटॉलच्या मुलांबद्दलचा आहे. आपण अर्धे कॅपिटॉलमध्ये राहतो, हे जर तुम्ही इथवर मान्य केलं असेल, तर ती मुलं तुमच्याच इमारतीतली आहेत. आणि नसेल केलं, तर ती कुणाची हे तुम्हाला ठरवावं लागेल. तो प्रश्न वाचून होताच पुस्तक मिटा. कॅटनिसचं मत वाचण्याआधी आपलं मत, हो की नाही आणि का, पुढल्या टिपणांच्या अखेरीस ठेवलेल्या कोऱ्या पानावर लिहा, खाली तारीख घाला, आणि मगच पान उलटा.